अकरा पिल्लं आणि शंभर डोस

आमच्या घरी, खानापूर तालुक्यात, कोंबड्यांचा सगळा हिशोब आजीकडे. अंड्यांच्या पैशातून कधी माझा बसचा पासही निघतो. त्यामुळे खुडूक कोंबडीखाली एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली, तेव्हा त्यांना लस द्यायची का हा प्रश्न माझा असला तरी निर्णय तिचा होता.

"गावठी कोंबडीला कसली लस गं? ती काय बॉयलर आहे?"

तिचं अर्धं खरं आहे. गावठी कोंबडी उन्हापावसात टिकते, घारीला चुकवते. पण मानमोडीपुढे तिचंही काही चालत नाही. हिरवी पातळ विष्ठा, लुळे पंख, पिळवटलेली मान, आणि बघता बघता खुराडं रिकामं. दोन वर्षांपूर्वी आमचं तसंच झालं. औषध नाहीच. पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात, १९२० च्या दशकात भारतात तो तिथे ओळखला गेला म्हणून. मला आपला शब्द जास्त पटतो. (१९१८ च्या इन्फ्लुएंझालाही लोक मानमोडीच म्हणत.)

खरी अडचण विश्वासाची नव्हती, बाटलीची होती. लासोटा लस दुकानात मिळाली ती शंभर डोसची. बर्फात आणायची, विरघळवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली ठेवून चालत नाही. म्हणजे अकरा थेंबांसाठी एकोणनव्वद फेकायचे! आमच्याकडे शिळ्या भाताचंसुद्धा काहीतरी होतं, तिथे आजीला हे कसं पटणार?

मग तोड तिनेच काढली. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवरच तिने बायकांना गाठलं. सगळ्या कोंबड्या आमच्या अंगणात आणायचं ठरत होतं, ते मात्र मी मोडून काढलं. एखादी आजारी असली तर लशीआधी रोगच वाटला जायचा. म्हणून थर्मास घेऊन, दर घरी हातपाय धुऊन, आम्हीच घरोघर फिरलो. पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, ते डोळा मिचकावेपर्यंत धरायचं. सुस्त दिसलेल्यांना वगळलं. चौसष्ट थेंब लागले.

शेवटच्या घरातले काका नको म्हणाले. "तुमच्या कोंबड्या सुरक्षित, मग माझ्याही सुरक्षितच की!" हे मला घरी येऊनही सलत राहिलं, कारण ते खरं नाही. लस घेतलेली कोंबडी सहसा मरत नाही, पण विषाणू तिच्या अंगात शिरू शकतो, विष्ठेतून बाहेरही पडू शकतो. म्हणजे आमची धडधाकट कोंबडी त्यांच्या कुंपणात दाणे टिपायला गेली, तर रोग तीच नेईल आणि कुणाला कळणारही नाही. आमची लस आमच्यापुरतीच होती.

आठव्या आठवड्यात आरटूबीची सुई आहे, कातडीखाली द्यायची. आजीने घरांची यादी मला आत्ताच लिहायला लावली. त्यात त्या काकांचं नावही आहे, त्यांना न विचारता.