बुवांच्या चाली आणि माझी अढी

नाट्यपदाबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं अढी होती. सुरतेतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात कुणी पेटी ओढून नाट्यपद सुरू केलं की मी चहाच्या निमित्ताने उठायचो. ख्याल हे खरं गाणं आणि नाटकातलं पद म्हणजे त्याचीच पातळ केलेली आवृत्ती, असा माझा हिशेब होता.

या हिशेबात एक माणूस बसत नव्हता, आणि तो नेमका आमच्याकडचा. भास्करबुवा बखल्यांचा जन्म १८६९ सालचा, कठोरचा. कठोर हे सुरतेजवळ, कामरेज तालुक्यात. तेव्हा ते बडोदा संस्थानात होतं. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडून तालीम घेऊन ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची गायकी एका गळ्यात आणणारा हा गवई नाटकाच्या चाली बांधायला का बसला?

माझ्यापाशी उत्तर तयार होतं. पोरवयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. ‘रामराज्यवियोग’मध्ये त्यांनी कैकेयी केली. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमीवरची त्यांची किंमत संपली. मग ते उस्तादांच्या दारी गेले आणि मोठे झाले. म्हणजे नाटक सुटलं म्हणून बुवा घडले, आणि पुढे ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ यांच्या चाली दिल्या त्या जुन्या ऋणापोटी. पुरावाही छापील होता. जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि मूळ चीज कोणती ते दिलेलं असायचं. चीज दुसऱ्याची, शब्द खाडिलकरांचे, गळा बालगंधर्वांचा. मग बुवांचं काय? असं मी चारचौघांत विचारायचो आणि समोरचा गप्प झाला की खूश व्हायचो.

मत बदललं ते ‘स्वयंवर’मुळे. हे नाटक १९१६ सालचं. एका ओळखीच्या मुलीला त्यातली पदं बसवून द्यायची होती, म्हणून नाइलाजाने पुस्तक घेऊन बसलो. ‘नाथ हा माझा’ यमनमध्ये, ‘मम आत्मा गमला’ बिहागमध्ये, ‘सुजन कसा मन चोरी’ भूपात. तिन्ही राग संध्याकाळनंतरचे, तिन्ही पदं रुक्मिणीची, आणि तिन्ही ठिकाणी मनात एकच कृष्ण. एरवी हा सगळा प्रकार एकसुरी व्हायला हवा होता. तो होत नाही. यमनमध्ये तिला बोलायला पैस मिळतो, बिहागात तिची ओढ लपत नाही, आणि भूपाच्या पाच स्वरांत तीच मुलगी एकदम मोकळी होते. यातला एकही राग बुवांनी निर्माण केलेला नाही. पण शेकडो चिजांतून या प्रसंगाला हीच चीज, ही लय, या गळ्याला सोसेल एवढीच तान, हे ठरवणारं डोकं त्यांचं होतं. बालगंधर्व त्यांचे शिष्य. त्या गळ्यात काय शोभेल हे बुवांइतकं कुणाला ठाऊक असणार? शिवाय ते स्वतः लहानपणी रंगमंचावर उभे राहिलेले. पद म्हणणाऱ्या नटाला पुढचं वाक्यही बोलायचं असतं, हे दिवाणखान्यातल्या गवयाला सुचलं नसतं. किर्लोस्करांच्या काळात साकी, दिंडी, लावणीच्या चालींवर चाललेलं नाटक बुवांच्या आणि गोविंदराव टेंब्यांच्या पिढीने ख्यालाच्या वाटेवर आणलं, ते अशा निवडीतून.

दुसरा धक्का परदेशातून आला. विल मॅरियन कुक हा आफ्रिकन-अमेरिकन संगीतकार, जन्म वॉशिंग्टनचा, सालही १८६९च. ओबर्लिनला आणि मग बर्लिनला व्हायोलिन शिकला. काळ्या वादकाला अमेरिकेतल्या मैफिलींची दारं बंद होती, म्हणून तो नाटकाकडे वळला. १८९८मध्ये ‘क्लोरिंडी’ न्यूयॉर्कच्या कसिनो थिएटरच्या गच्चीवर झालं. १९०३मध्ये ‘इन डाहोमी’ ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात लागलं आणि त्याच वर्षी लंडनला गेलं. एवढं शिकून मुलगा असली गाणी करतो याचं त्याच्या आईला फार वाईट वाटलं, असं त्याने पुढे लिहिलं आहे. ते वाचताना मला त्या माउलीच्या तोंडी माझंच मत ऐकू आलं.

दोघांची तुलना फार ताणू नये. कुकला दार बंद होतं. ब्राह्मणाच्या या पोराला मुसलमान उस्तादांनी पदरात घेतलं. कुकच्या रंगमंचाने त्याच्याच लोकांची टिंगल करणारी सोंगंही मागितली. रुक्मिणीला तसला अपमान गिळावा लागला नाही. पण दोघांच्या बाबतीत शिकलेपणाचा मान राखणाऱ्यांना रंगभूमी ही उतरण वाटली, आणि त्यांत मी होतो.

शेवटची गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण तिचा अर्थ मी लावला नव्हता. भास्करबुवांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. १९२२मध्ये ते गेले आणि त्यांचा ख्याल ऐकलेल्यांच्या आठवणीत राहिला. आज कुणालाही हात लावता येईल असं त्यांचं काय उरलं? शिष्यपरंपरा, १९११मध्ये पुण्यात सुरू केलेला भारत गायन समाज, आणि या चाली. ज्या ख्यालाच्या नावाने मी नाट्यपदाला नाकं मुरडत होतो, तो मी कधी ऐकलेलाच नव्हता. बुवांच्या संगीतातलं जे ऐकता येत होतं, तेवढ्यासाठी मात्र मी उठून चहाला जात होतो.

सगळंच मत बदललं असं मात्र नाही. वन्स मोअरवर वन्स मोअर घेऊन पहाटेपर्यंत लांबवलेली नाटकं, कथानक बाजूला ठेवून रंगवलेल्या मैफिली, यांचं कौतुक मला आजही जमत नाही. फरक इतकाच की पूर्वी तो दोष मी चाल बांधणाऱ्याच्या माथी मारायचो. बुवांनी नटाला कुठे थांबायचं ते चालीतच सांगून ठेवलं होतं. न थांबणं हे गाणाऱ्याचं आणि टाळ्या देणाऱ्यांचं काम होतं.