सिंधीपुऱ्यातली फियाट

बऱ्हाणपूर म्हटलं की कुणाला मावा जिलेबी आठवते, कुणाला तापीकाठचा शाही किल्ला. मला आठवतो सिंधीपुरा, माझं आजोळ. काही शतकांपूर्वी सिंधमधून आलेले सूफी आणि विणकर इथे वसले, म्हणून हे नाव. गल्लीत शिरलं की आधी पॉवरलूमची खडखड ऐकू येते, मग मामाची हाक.

या दिवाळीत पुण्याहून गेलो ते एक काम घेऊन. लूमच्या शेडचे पत्रे गळतात, आणि त्याच शेडला लागून मामाची १९६९ ची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता. "तू कॉम्प्युटरवाला. जुन्या गाड्यांना म्हणे करोडो मिळतात, बघ जरा," मामा फोनवर म्हणाला होता.

मिळतात, हे खरं आहे. मर्सिडीजने १९५५ साली आपल्या ३०० एसएलआर या शर्यतीच्या गाडीवरून दोनच बंद कूपे बनवल्या. त्यातली एक २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना, म्हणजे सुमारे अकराशे कोटी रुपयांना गेली. फेरारीच्या २५० जीटीओ फक्त ३६ बनल्या. २०१८ मध्ये एकीला ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. आपल्या शेजारच्या इंदूरचंही उदाहरण आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५ मध्ये ड्युसेनबर्ग एसजे मागवली होती. १९२४, १९२५ आणि १९२७ ची इंडियानापोलिस शर्यत जिंकणारी हीच कंपनी. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली, रंग केशरी-काळा. पुढे ती अमेरिकेत गेली. आज तिचं मोल आहे ते ती एकुलती एक म्हणून, आणि कुणाची, कुठून कुठे गेली हे कागदोपत्री सांगता येतं म्हणून.

मामाला मी तेच समजावलं: गाड्या थोड्या बनलेल्या हव्यात, शर्यतीत नाव हवं, इंजिन आणि चासी मूळची हवीत, कागद हवेत.

"आपली किती बनल्या?"

"वालचंदशेठच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून? हजारोंनी."

"शर्यत?"

"मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट पळायच्या. आपली नाही."

मामा हसला. "आणि इंजिन तर मीच बदललं. सुरतच्या फेऱ्या पेट्रोलवर परवडेनात, डिझेल बसवलं."

म्हणजे संपलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात मामी आतून म्हणाली, "जिन्याखाली ते पोत्यात काय बांधून ठेवलंय मग? तीस वर्षं झाडताना माझ्या पायाला लागतंय!"

पोतं सोडलं. जुनं इंजिन होतं. मामाने कपाटातून आरसी बुक आणलं. मी मोबाईलचा टॉर्च धरला, त्याने रॉकेलच्या फडक्याने ब्लॉक पुसला. एकेक आकडा वाचत गेलो. नंबर तोच होता.

करोडो नाहीत, पण ५० वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, आणि तिला भंगारापेक्षा बरा भाव देणारे शौकीनही असतात. पत्र्यांचे पैसे मी दिले. विकायचं की नाही, ते इंजिन बसल्यावर ठरवू.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मामाने त्याला चहा पाजला आणि पोत्यातली रद्दी तेवढी दिली.