एक सरी मोकळी ठेव

कोपरगाव
२१ मे २०२१

प्रिय शकू,


परवा फोनवर तू म्हणालीस, "दादा, तुला सगळ्यातच शंका. इथं गोव्यात सरकारच गोळ्या देतंय आणि तू पुरावा मागत बसलायस!" आणि फोन ठेवलास. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दाजींना ताप आहे, आणि शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवरून तू त्यांना औषधांचं पाकीट सुरू केलंस, ही गोष्ट मनातून जात नाही. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. याचे फोटो काढून मोबाईलवर पाठवतो. शेवटपर्यंत वाच.

आयव्हरमेक्टिनची गोळी मुळात वाईट नाही. जंतांवर, खरजेवर तिचा गुण जुना आहे. ती शोधणाऱ्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. करोनावर ती चालते का, हा प्रश्न वेगळा. तुमच्या आरोग्यमंत्र्यांनी, विश्वजित राणे यांनी, १० मेला अठरा वर्षांवरच्या सर्वांना ती पाच दिवस द्यायचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी बजावलं की करोनासाठी ती फक्त चाचण्यांपुरतीच वापरावी. आणि ज्या मर्क कंपनीची ही गोळी, तिनंच फेब्रुवारीत कळवलं होतं की करोनावर उपयोग होतो असा पुरावा नाही. विकणाराच असं सांगतो तेव्हा तरी ऐकावं ना गं! त्याच ११ मेला पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान गोवा मेडिकल कॉलेजात २६ रुग्ण गेले. ऑक्सिजनच्या पुरवठ्यावरून हायकोर्टाला लक्ष घालावं लागलं. आधी कशाची तजवीज व्हायला हवी होती, ते तूच ठरव.

"घेणारे बरे होतात की!" हे तुझं ठरलेलं वाक्य. कमळाकाकूची कावीळ आठव. मळ्यातल्या बाबांनी काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून तिच्या डोक्यावर माळ ठेवली होती. माळ रोज लांबायची. कानांवरून गळ्यात आली, गळ्यातून पोटापर्यंत उतरली, आणि घरात जो तो म्हणायचा, कावीळ उतरतेय. मी तशाच काड्या आणून दुसरी माळ केली आणि माजघरात खुंटीला टांगली. तीही लांबली. ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात, माळ वाढते. खुंटीला कुठे कावीळ झाली होती? आई माझ्यावर किती चिडली होती! पण शकू, बहुतेकांची कावीळ आपोआपच बरी होते, म्हणून बाबांना यश. ज्याची आपोआप बरी होणारी नव्हती त्या दत्तूमामाचं काय झालं, ते तू पाहिलंयस.

करोनाचंही तसंच. बहुतेक माणसं बरी होतात, म्हणून त्या आठवड्यात पोटात गेलेल्या कशालाही श्रेय मिळतं. कारखान्याच्या शेतकी खात्यात मी जन्म घालवला. टॉनिकची बाटली घेऊन एजंट आला की शेतकऱ्याला माझं एकच सांगणं असायचं: फवार खुशाल, पण मधे चार सऱ्या मोकळ्या ठेव आणि तोडणीला दोन्हींचं वजन कर. चांगला पाऊस झाला की फवारलेला ऊसही तरारतो आणि न फवारलेलाही. ज्याला औषध दिलं नाही त्याचं काय झालं, हे विचारल्याशिवाय औषधाची परीक्षा होत नाही. ही गोष्ट चौथीच्या पुस्तकात हवी, ग्रामसभेत हवी, मंत्रालयात तर हवीच हवी. गेल्या वर्षी गावोगाव आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथिक गोळ्या वाटायची घोषणा झाली. मोकळी सरी कुणी ठेवली होती? कुणीच नाही.

जिथे ठेवली तिथे उत्तर मिळालं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा केवढा गाजावाजा झाला. इंग्लंडच्या 'रिकव्हरी' चाचणीत गेल्या जूनमध्ये ती फोल ठरली. प्लाझ्मासाठी लोकांनी हातापाया पडून दाते शोधले. आपल्याच आयसीएमआरने ४६४ रुग्णांवर चाचणी केली, फायदा दिसला नाही, आणि या सोमवारी प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघाला. त्याच 'रिकव्हरी'त डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड मात्र खरं उतरलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने एक तृतीयांशाने घटवले. म्हणजे मी औषधांच्या विरुद्ध नाही, हे ध्यानात घे.

रेमडेसिविरने तर आपल्या जिल्ह्याला वेड लावलं. गेल्या महिन्यात खासदार सुजय विखे यांनी दिल्लीहून विमानाने इंजेक्शनं आणली. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं, आणि काकडीच्या शिर्डी विमानतळावरचं चित्रीकरण जपून ठेवायला सांगितलं गेलं. आपल्या गल्लीतला एक पोरगा बापासाठी श्रीरामपूर, संगमनेर, नाशिक पालथं घालून आला. खिशातली चिठ्ठी घड्या पडून पडून फाटत आलेली. तिच्यावर 'सहा व्हायल' एवढंच धड वाचता येत होतं. मोटारसायकलवर बसून झोप येत होती त्याला. या औषधाने मृत्यू टळतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही, काहींचे दवाखान्यातले दिवस कमी होतात इतकंच, हे ऑक्टोबरपासून माहीत होतं. त्या पोराला ते कुणी सांगितलं नाही. बापाजवळ बसायच्या वेळी तो रस्त्यावर होता. याचा मला फार संताप येतो.

आता तुझ्या निखिलचं. साधा फ्लू आहे, आकडे फुगवलेत, असं तो म्हणतो. त्याला सांग, एप्रिलमध्ये नगरच्या अमरधामात एका दिवसात चाळीसहून अधिक अंत्यसंस्कार झाले. बहुतेक बरे होतात हे खरं, आणि सरणाला जागा उरली नाही हेही खरं. आजी सांगायची, प्लेगात गाव सोडून लोक माळावर झोपड्या घालून राहायचे. औषध नव्हतं, पण लांब राहायची अक्कल होती. तो मास्क हनुवटीखाली घेऊन मित्रांत बसतो, हे तूच मला सांगितलंस. कान धर त्याचा.

हे सगळं राहू दे. पाकिटातल्या बारीक पांढऱ्या गोळ्यांचं नाव तू वाचून दाखवलंस ना? त्या स्टेरॉइडच्या आहेत, शकू. ज्याला ऑक्सिजनची गरज नाही त्याला त्यांचा फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो, हेही त्या 'रिकव्हरी' चाचणीतच दिसलं. त्यात दाजींची साखर आधीच वर. स्टेरॉइडने ती आणखी चढते, आणि अशाच माणसाला ती काळी बुरशी गाठते. म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे याच बुरशीच्या, रुग्णांची नोंद साथरोग कायद्याखाली करा, असं केंद्राने कालच राज्यांना कळवलंय. त्या गोळ्या मनाने चालू ठेवू नकोस, आणि किती दिवस गेल्यात ते डॉक्टरांना सांगून त्यांच्याच सल्ल्याने बंद कर. शेजाऱ्यांची चिठ्ठी शेजाऱ्यांची. दाजींची प्रकृती निराळी.

ऑक्सिमीटर आण. सकाळ-संध्याकाळ दाजींना घरातल्या घरात सहा मिनिटं चालव आणि आकडा लिही. ९४ च्या खाली गेला, किंवा चालल्यावर तीनने उतरला, तर कुणाची वाट न पाहता दवाखाना गाठ. आणि बसल्या जागी ९४ च्या खाली असेल तर चालवूही नकोस. दवाखाना गाठेपर्यंत धाप लागत असेल तर पालथं झोपव. डोळ्याभोवती सूज, नाकातून काळसर स्राव, गाल दुखणं, यातलं काहीही दिसलं तर तासाचाही उशीर नको.

माझ्यावर रागाव हवी तितकी, पण आज रात्री झोपण्याआधी ऑक्सिजनचा आणि साखरेचा आकडा मला कळव. मी फोन उशाशी घेऊन जागा आहे.

तुझा,
दादा