जगळ

दत्तक म्हटले की आमच्या मातोश्रींना बडोदेच आठवते. कवळाण्याच्या गोपाळरावांना १८७५ साली जमनाबाईंनी दत्तक घेतले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि मल्हाररावांच्या पदच्युतीने ते घर नुकतेच हादरले होते. पण तेथे निदान गादी तरी होती! बंगळूरच्या आमच्या सरकारी बिऱ्हाडात दोन खोल्या आणि तीन चढे आवाज. शिवाय आली ती मुलगी; १९५६ च्या कायद्यापूर्वी हिंदू घरात मुलीला ही वाट बहुधा बंदच असे. सहा वर्षांची, केवळ कन्नड बोलणारी. पाच वर्षांवरील मुलाची संमती घ्यावी लागते. ती तिने मान डोलावून दिली होती. आम्ही भांडखोर आहोत, हे कोणत्याच कागदात नव्हते.

आमची भांडणे क्षुल्लक. आमटीत गूळ किती, पंखा केवढा, इतकीच. पण जिला शब्द कळत नाहीत तिच्या कानी पडतो तो केवळ सूर. तो चढला की ती निमूटपणे उठे, आपले फ्रॉक पिशवीत भरी आणि चपला घालून दाराशी उभी राही. प्रथम हे पाहिले तेव्हा आमचा शब्द तोंडातच राहिला.

पुढचे आठ दिवस घरात सारी कुजबुज. त्या शांततेने ती अधिकच बावरली. अखेर मातोश्रींना असह्य झाले. ताकातल्या मिठावरून त्या सौ.वर कडाडल्या आणि त्याच सुरात दाराकडे वळून ओरडल्या, "ऊट आयता?" जेवलीस का, हा येथला नमस्कारच, मातोश्रींचे कन्नड एवढेच. पोर क्षणभर थबकली, मग पिशवीसकट पानावर येऊन बसली. चपला मात्र पुढे महिनाभर उशाशीच असत.

दत्तकानंतर दोन वर्षे सहामाही पाहणी होते. पहिल्या पाहणीस समाजसेविका आल्या. "घरात काय चालते?" त्यांनी कन्नडमध्ये विचारले.

"रोज जगळ."

जगळ म्हणजे भांडण. २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हादंडाधिकारी देतात. तो आमच्या हाती आला होता, तरी पोटात गोळा उठलाच.

"आणि तू?"

"मी आजीच्या बाजूची. गूळ पाहिजेच," हे मात्र ती मराठीत म्हणाली.

यावर सौ. जे बोलू लागली, ते पाहुण्यांदेखत बोलण्याजोगे नव्हते.