नैरोबी ते एनूसाएन: मुलींच्या शाळेचा रस्ता

केनियात मुला-मुलींच्या शिक्षणातली दरी देशाच्या सरासरीत आता फारशी दिसत नाही. माध्यमिक शाळेच्या शेवटी होणारी केसीएसई ही परीक्षा 2024 मध्ये देणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा किंचित जास्तच होत्या. नैरोबीत तर मागे पडत चाललेल्या मुलग्यांची चिंता अधिक ऐकू येते. राजधानीतून पश्चिमेकडे, रिफ्ट व्हॅली उतरून मसाई मुलखात जाणाऱ्या रस्त्यावर मात्र हे चित्र टप्प्याटप्प्याने पालटते. मी तो रस्ता मुख्यतः मटाटूने केला. मटाटू म्हणजे आपल्याकडच्या वडापचेच भावंड. सगळी आसने भरल्याखेरीज ती हलत नाही.

नैरोबी सोडल्यावर लवकरच किकुयू हे गाव येते. स्कॉटिश मिशनच्या या जुन्या ठाण्यावर मुलग्यांचे अलायन्स हायस्कूल 1926 मध्ये सुरू झाले. मुलींचे अलायन्स निघाले 1948 मध्ये. स्वतंत्र केनियाच्या पहिल्या मंत्रिमंडळात मुलग्यांच्या अलायन्सचे माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, यावरून त्या बावीस वर्षांची किंमत कळते. पुढे चहाच्या मळ्यांत लिमुरू. इथल्या लोरेटो कॉन्व्हेंटमधून वांगारी माथाई 1959 मध्ये शिकून बाहेर पडल्या. त्यांचे शाळेत जाणे सुरू झाले ते थोरल्या भावाने आईला विचारलेल्या एका प्रश्नामुळे: आम्ही शाळेत जातो, मग वांगारी का नाही? पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिका, 1971 मध्ये नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट आणि 2004 मध्ये शांततेचे नोबेल. पण भावाने तो प्रश्न विचारला नसता तर, हा विचार लिमुरूहून जाताना पिच्छा सोडत नाही.

रिरोनीपासून जुना रस्ता दरीच्या कड्याने खाली उतरतो. वळणावळणावर मेंढीच्या कातड्याच्या टोप्या विकणाऱ्या टपऱ्या, आणि तळाशी, माई माहियू गावाच्या अलीकडे, इटालियन युद्धकैद्यांनी 1942 मध्ये बांधलेले चिमुकले चर्च. दुपारी याच रस्त्याच्या कडेने स्वेटर आणि गुडघ्यापर्यंत मोजे घातलेल्या मुलामुलींचे तांडे घरी परततात. त्यांत मुली कमी नसतात. याचे श्रेय बऱ्याच अंशी 2003 सालाला जाते. 1980च्या दशकाच्या अखेरीस सरकारने शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा पालकांवर टाकला होता. घरात एकाचीच फी भरता येत असेल, तर ती बहुधा मुलग्याची भरली जाई. म्वाई किबाकी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि एका वर्षात पटसंख्या सुमारे 59 लाखांवरून 72 लाखांवर गेली. 2010च्या राज्यघटनेने मोफत आणि सक्तीच्या मूलभूत शिक्षणाला हक्काचा दर्जा दिला. शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड मोफत देण्याचा कायदा 2017 मध्ये झाला. त्यांचा पुरवठा मात्र कायद्याइतका नियमित नाही.

नारोक नैरोबीपासून सुमारे दीडशे किलोमीटर. पर्यटकांच्या गाड्या इथे इंधन भरून मसाई माराकडे निघून जातात. मुलींच्या शिक्षणाचा खरा पेच इथून सुरू होतो आणि फी माफ करून तो सुटत नाही. वस्त्या विखुरलेल्या, शाळा लांब, वाटेत जनावरांची आणि माणसांचीही भीती. मुलगी वयात आली की सुंता आणि पाठोपाठ लग्न, ही जुनी रीत. 2011च्या कायद्याने मुलींची सुंता हा गुन्हा ठरवला आणि 2014च्या विवाह कायद्याने लग्नाचे किमान वय 18 केले. तरीही 2022च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत नारोक जिल्ह्यातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 28 टक्के कधी ना कधी गरोदर राहिलेल्या आढळल्या. देशाची सरासरी 15 टक्के. 2014 मध्ये नारोकचा आकडा 40 होता, म्हणजे घसरण मोठी आहे. गरोदर मुलीला शाळेतून काढू नये आणि बाळंतपणानंतर तिला परत घ्यावे, हे धोरण 1994 पासून आहे. बाळ सांभाळायचे कोणी, याचे उत्तर धोरणात नाही, ते घरात शोधावे लागते.

सुंतेचे विधी बहुधा लांब सुट्ट्यांत होतात, कारण जखम भरायला तेवढा वेळ मिळतो. त्यामुळे सुट्टी हाच मुलीसाठी सर्वांत धोक्याचा काळ. अ‍ॅग्नेस पारेयो यांनी नारोकमध्ये 2002 साली सुरू केलेल्या तासारू न्तोमोनोक या केंद्रात घरातून पळून आलेल्या मुलींना आसरा मिळतो, त्यांचे शाळेत जाणे चालू राहते, आणि सुंतेऐवजी शिकवण व आशीर्वादाचा पर्यायी सोहळा होतो. त्यानंतर मुलीचा घरच्यांशी समेट घडवण्याचे काम अधिक किचकट असते. पोलिसांत तक्रार झाली की बाप तुरुंगात जातो आणि मुलीला परतायला घर उरत नाही.

नारोकहून बोमेटमार्गे वळसा घेऊन किल्गोरिसकडे गेले की एनूसाएन येते. अमेरिकेवरील 2001च्या हल्ल्यानंतर इथल्या मसाईंनी त्या देशाला 14 गायी भेट दिल्या होत्या. गायीचे मोल इथे काय आहे, ते यावरून समजावे. याच गावच्या काकेन्या न्ताइया यांचे लग्न लहानपणीच ठरले होते. शाळा पूर्ण करू देणार असाल तरच सुंतेला तयार होईन, अशी अट त्यांनी वडिलांना घातली. पुढे गावाने वर्गणी काढून त्यांना अमेरिकेत शिकायला धाडले. पुढे डॉक्टरेटही मिळवणाऱ्या काकेन्यांनी 2009 मध्ये गावातच मुलींची शाळा काढली. प्रवेश देताना मुलीची सुंता आणि लवकर लग्न न करण्याची हमी पालकांकडून घेतली जाते. ये-जा करण्यातले धोके पाहून शाळा निवासी करावी लागली.

माझ्या मते या मुलखात निर्णायक ठरते ती वसतिगृहातली खाट, आणि सरकारी पैसा नेमका तिथेच पोहोचत नाही. मोफत माध्यमिक शिक्षणाची 2008 मधली योजना दिवसा भरणाऱ्या शाळांसाठी आहे. 2018 मध्ये सरकारने दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 22,244 शिलिंग ठरवले, पण राहण्या-जेवण्याचा खर्च पालकांवर. गुरे हीच ज्यांची पुंजी, त्यांना त्यासाठी जनावर विकावे लागते, आणि कोणत्या अपत्यासाठी विकायचे हे बाप ठरवतो. हा पेच नारोकपुरता नाही. त्याच्या उत्तरेला सांबुरूत किशोरवयीन गरोदरपणाचा आकडा 2022च्या त्याच पाहणीत 50 टक्के होता. गारिसा, वाजिर आणि मांडेरा या सोमाली सीमेलगतच्या जिल्ह्यांत मुली पहिल्या इयत्तेपासूनच कमी दिसतात, आणि सुरक्षिततेच्या भीतीने बाहेरचे शिक्षक तिथे टिकत नाहीत.