सगळंच जोडीनं

ब्लेड सर्व्हरशी गाठ पडेपर्यंत मी पाहिलेले नेटवर्क स्विच म्हणजे रॅकमध्ये आडवे बसवलेले पत्र्याचे डबे. पुढून निळ्या-पिवळ्या केबल लोंबतात, कुठली केबल कुठे जाते ते हातानं ओढून बघता येतं. ब्लेडचा स्विच असा दिसतच नाही. आमच्याकडचा खोका डेलचा एम१०००ई, २००८ साली बाजारात आलेला. समोरून अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड सरकवायचे, मागून सहा मॉड्यूल, स्विच त्यांपैकीच. मधे एक उभी पाटी, तिला मिडप्लेन म्हणतात. ब्लेडपासून स्विचपर्यंतचा रस्ता त्या पाटीतल्या तांब्याच्या रेषांमधून जातो. ओढून बघायला केबलच नाही.

अशा दोन स्विचचं फर्मवेअर बदलायचं काम माझ्या नावावर आलं, तेव्हा मी लग्नासाठी घाटंजीला आलो होतो. मे महिना. खोका नवी मुंबईत, मी इथे. शनिवारच्या रात्री एक ते चार अशी वेळ मंजूर झालेली. आमचे टीम लीड अमरावतीकडचे, त्यांना सगळे दादाच म्हणतात. मी त्यांना फोनवर म्हटलं, "दादा, इथे रात्री लाइटचा भरवसा नाही. मधेच गेली तर स्विच मरेल ना?"

ते म्हणाले, "लाइट तुझ्या घरची जाईन, स्विचची कायले जाईन? फाइल तुह्या लॅपटॉपवरून पाठवून राह्यला का तू?"

माझ्या मनात खरंच तसंच होतं.

फाइल स्विचपर्यंत नेण्याची रीत टीएफटीपी ही. १९८१ च्या मानकातली, तिला ना पासवर्ड ना लॉगिन. ती फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करते आणि एक तुकडा पोचल्याची पावती आल्याशिवाय दुसरा सोडत नाही. बांधकामावर विटा फेकणारा माणूस वरच्यानं वीट झेलल्याशिवाय पुढची उचलत नाही, तसं. दादांनी फोनवरच हिशेब करायला लावला. १० एमबीची फाइल धरली तर तुकडे २०,४८०. घाटंजीहून जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागले तर जवळपास पावणेचौदा मिनिटं नुसती पावत्यांची वाट बघण्यात. तीच फाइल त्याच डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर ठेवली आणि जाण्यायेण्याला एक मिलिसेकंद धरला, तर वीस सेकंद. म्हणजे फाइल आधीच तिकडे नेऊन ठेवायची, तिचा एमडी५ आकडा कंपनीनं दिलेल्या आकड्याशी ताडायचा आणि आपण फक्त आज्ञा द्यायची. इथली लाइट गेलीच तर तिकडच्या सर्व्हरवरचं सत्र चालू राहतं. मोबाइलच्या नेटवरून पुन्हा आत शिरता येतं.

इथपर्यंत समजलं. माझा गोंधळ सुरू झाला तो जोड्यांमुळे.

स्विच दोन, ए१ आणि ए२. प्रत्येक ब्लेडचा एक पाय ए१ मध्ये, दुसरा ए२ मध्ये. प्रत्येक स्विचच्या पोटात फर्मवेअरच्या प्रती दोन. प्रत्येकाची कॉन्फिगही दोन जागी, एक आत्ता चालू असलेली आणि एक पुढच्या वेळी सुरू होताना वाचली जाणारी. 'शो बूटवार' ही आज्ञा दिली की तक्ता येतो: पहिल्या प्रतीची आवृत्ती, दुसरीची आवृत्ती, सध्या कुठली चालू, पुढच्या वेळी कुठली चालू होणार. मी तो तक्ता कितीदा तरी वाचला आणि दर वेळी थांबून स्वतःला विचारलं, आपण आत्ता कोणत्या स्विचच्या कोणत्या प्रतीबद्दल बोलतोय? नवी फाइल वापरात नसलेल्या प्रतीवर लिहिली जाते. चालू प्रतीला हात लागत नाही. 'पुढच्या वेळी ही' असं सांगेपर्यंत स्विचच्या चालण्यात काहीही बदललेलं नसतं, आणि सांगितल्यावरही रीलोड होईपर्यंत नाही. हे कळल्यावर जरा धीर आला.

दादांनी मात्र दोन दिवस आधी वेगळंच काम दिलं. "दोन्ही स्विचची कॉन्फिग शेजारी शेजारी उघड. एकेक पोर्ट ताडून पाह्य." मला ते बिनकामाचं वाटत होतं, कारण दोन्हीकडे सगळे पोर्ट हिरवे होते. बघता बघता नवव्या पोर्टवर आलो. ए१ वर त्या ब्लेडला लागणारे सगळे व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेतून जाणारी वेगवेगळी नेटवर्कं, होते, ए२ वर एक कमी. कधी राहिला, कोणाकडून, कोण जाणे. ब्लेडचा ए२ कडचा पाय नुसता राखीव होता, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता नव्हता.

याचा अर्थ लागायला मला वेळ लागला, आणि लागला तेव्हा घाम फुटला. तो उन्हाळ्याचा नव्हता. आम्ही आधी ए२ रीलोड करणार होतो. त्यात सगळं सुरळीत दिसलं असतं, कारण ए२ वर कोणी चालतच नव्हतं. आणि त्या भरवशावर ए१ बंद केला असता की नववा ब्लेड त्या व्हीलॅनपुरता आंधळा झाला असता. लिंक मात्र शेवटपर्यंत हिरवी. त्या एका ओळीची वेगळी मंजुरी घेऊन ती आधीच भरली गेली. फर्मवेअरच्या या सगळ्या प्रकरणात खरं काम एवढंच झालं, असं माझं मत आहे.

शनिवारी रात्री गच्चीलगतच्या खोलीत बसलो. कूलर एवढा घरघरत होता की कॉलवर मला सतत म्यूट राहावं लागलं. आई पाण्याचा तांब्या ठेवायला आली. "रातभर काय करून राह्यला रे? पाव्हणे झोपले अन् तू जागाच."

ए२ ला रीलोड दिलं तशी माझी एसएसएच खिडकी मेली. ते ठाऊक असूनही पोटात गोळा आला. पण खोक्याची देखरेख करणारं सीएमसी नावाचं मॉड्यूल असतं, त्यातून स्विचच्या कन्सोलवर जाता येतं. केबल घेऊन कुणाला तिथे उभं राहावं लागत नाही. त्या दुसऱ्या खिडकीत स्विच उठताना दिसत होता. ओळ, मग बराच वेळ काही नाही, मग ओळ. काही आवृत्त्यांमध्ये बूटकोडही वेगळा अपडेट करावा लागतो; रिलीज नोट्समध्ये ते लिहिलेलं होतं, तेही उरकलं.

मग ए१ ची पाळी. इथे दादांनी थांबवलं. रीलोडनंतर स्विचच्या पोर्टची लिंक आधी वर येते, पण नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणाऱ्या जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या नियमानं पोर्ट आणखी पंधरा अधिक पंधरा सेकंद डेटा पुढे सोडत नाही. ब्लेडला मात्र लिंक दिसते, आणि तो लगेच आपल्या आवडत्या ए१ कडे परत धावतो. समोर दार बंद. म्हणून ब्लेडशी जोडलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघण्याची सोय, आहे का ते पाहिलं, आणि ब्लेडवरच्या ईएसएक्सआयच्या टीमिंगमध्ये फेलबॅक, म्हणजे आपोआप परत धावणं, तेवढ्यापुरता 'नो' केला. लिंक हिरवी म्हणजे रस्ता मोकळा नव्हे, हे नवव्या पोर्टनं शिकवलं होतंच. इथे पुन्हा तेच.

ए१ गेला तेव्हा कॉलवर पिंगची रांग चालू होती. नवव्या ब्लेडवर माझी नजर खिळलेली. एखादं उत्तर चुकलं, पुढची येत राहिली. ए१ उठल्यावर 'शो बूटवार' पाहिलं, नवी आवृत्ती चालू, जुनी बाजूला तशीच. मी विचारलं, जुनी काढून टाकू का?

"काहून? तिथं काय जागा लागून राह्यली तुले?" दादा म्हणाले. "राहू दे. अन् पुढच्या शनिवारी सीएमसी. तेही दोन हायेत. डेटा सेंटरच्या पोराले आधीच सांगून ठेवजो, सीएमसी रीबूट होताना खोक्याचे नऊच्या नऊ पंखे पुऱ्या जोरात धावतात. मागच्या खेपेले तो घाबरून फोन करत होता."