हिवाळ्यापुरते घर

भाड्याचा व्यवहार व्यापारी कुटुंबांना नवा नाही. पेठेतील गाळा, बाजार समितीच्या आवारातील गोदाम, मुलाच्या शिक्षणासाठी पुण्यात घेतलेली खोली, अशा निमित्तांनी भाडेपट्टी, अनामत आणि मुदत हे शब्द घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आलेले आहेत. परंतु उतारवयात केवळ थंडी चुकविण्यासाठी, वर्षातील तीन-चार महिन्यांपुरते, वाळवंटात घर घ्यावयाचे, ही कल्पना आपल्याकडील मागच्या पिढीला चमत्कारिकच वाटली असती. आता अनेक घरांतील मुले-माणसे कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झाली आहेत, वृद्धही झाली आहेत. त्यांना हा विचार करावा लागतो. हिवाळा आला की दक्षिणेकडे सरकणाऱ्या अशा माणसांना तिकडे ‘स्नोबर्ड’ असे पक्ष्याचे नाव आहे.

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत दुकानात वाढलेले आणि पुढे सारे आयुष्य कॅनडातील एडमंटन येथे काढलेले एक दांपत्य यांपैकीच. नातलगांत ते अण्णा आणि त्या अक्का. एडमंटनला जानेवारीत पारा उणे वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो आणि पायवाटांवर काचेसारखा बर्फ धरतो. एका हिवाळ्यात दाराबाहेरच्या पायरीवर अक्कांचा पाय घसरला आणि मनगट मोडले. हाड जुळले, भीती मात्र गेली नाही. नोव्हेंबर ते मार्च त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. प्रश्न भाड्याचा नव्हता, वर्षातील पाच महिने खिडकीशी बसून काढावयाचे की नाही, हा होता.

‘मग सांगलीलाच का येत नाहीत?’ असे इकडच्या भावंडांनी विचारले. सांगलीचा हिवाळा सुखाचा, यात शंका नाही, आणि कित्येक वर्षे ते येतही असत. पण अक्कांच्या हृदयविकारानंतर डॉक्टरांनी इतका लांबचा विमानप्रवास टाळण्याचा सल्ला दिला. राहता राहिला तो सुमारे तीन तासांच्या विमानप्रवासावरील कॅलिफोर्नियाचा वाळवंटी प्रदेश.

रिव्हरसाइड काउंटीतील कोचेला खोऱ्यात पाम स्प्रिंग्ज, कॅथेड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स, ला क्विंटा, इंडिओ अशी गावे एकापुढे एक वसलेली आहेत. पश्चिम टोकाच्या पाम स्प्रिंग्जपासून इंडिओ सुमारे चाळीस किलोमीटर. उन्हाळ्यात येथे ४२ अंशांचे ऊन असते, पण जानेवारीत दुपारी २१-२२ अंश. रात्री मात्र सात-आठ अंशांपर्यंत उतरतात. वाळवंट म्हणून केवळ सुती कपडे बांधून गेलेला मनुष्य पहिल्याच रात्री शाल शोधतो.

दुरून पाहता ही सारी गावे सारखीच वाटतात. तशी ती नाहीत. पाम स्प्रिंग्जच्या पाठीशी सॅन जॅसिंटो हा ३३०० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधी त्याची सावली गावावर पडते आणि अंगण गार होते. इंडिओकडे ऊन अधिक वेळ टिकते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या अक्कांना हा फरक कोणत्याही जाहिरातीपेक्षा चटकन कळला. डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, त्यातही तासभर डोंगराने घ्यावा हे त्यांना रुचले नाही. खोऱ्याच्या उत्तरेस, सॅन गॉर्गोनियो खिंडीच्या तोंडाशी, पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे. त्या तेथे का उभारल्या याचा विचार केला म्हणजे जवळच्या डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमध्ये घरे स्वस्त का मिळतात याचे एक कारण समजते. वाऱ्याबरोबर वाळूही येते, आणि सांधेदुखीच्या माणसाला गार वारा सोसत नाही.

पहिली जाहिरात पाहून अण्णा क्षणभर मोहात पडले. पोहण्याचा तलाव, दोन शयनगृहे आणि भाडे बाजाराच्या निम्मे. मालक परदेशी असल्याने घर आधी दाखविता येणार नाही. पूर्ण रक्कम बँकेतून वायरने पाठवावी, किल्ली कुरिअरने येईल, असे उत्तर आले. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय ज्या दुकानात पोते उतरत नसे, तेथे अण्णांचे बालपण गेले होते. त्यांनी पत्रव्यवहार तेथेच थांबविला. दुसऱ्याच्या घराची छायाचित्रे उचलून अनामत उकळणे हा तिकडे सर्रास चालणारा धंदा आहे, आणि वायरने एकदा गेलेली रक्कम परत मिळविणे किती कठीण असते हे बँकेच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना ठाऊक असते. घर कोणाच्या नावावर आहे याची नोंद काउंटीच्या कर-आकारणी कार्यालयात असते. दुसऱ्याच्या वतीने घर भाड्याने देणाऱ्या व्यवस्थापकाला राज्याचा दलाली परवाना लागतो, तो क्रमांक तपासता येतो. त्याहून उत्तम म्हणजे ओळखीच्या माणसाने जाऊन दार उघडून पाहावे. अण्णांनी तिन्ही केले.

मुदतीचा प्रश्न यापेक्षा नाजूक. पाम स्प्रिंग्ज नगरपालिका २८ दिवस किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्याला सुट्टीतील निवास मानते. त्यावर वेगळा परवाना आणि पाहुण्यांचा कर लागतो. त्याहून दीर्घ मुदतीच्या करारावर तो कर नाही. अल्पमुदतीच्या भाड्यावरून या गावांत मोठे वाद झाले आहेत. पाम स्प्रिंग्जच्या मतदारांनी २०१८ साली निवासी भागांतील बंदी फेटाळली, तर शेजारच्या कॅथेड्रल सिटीने २०२१ च्या मतदानात असे भाडे बव्हंशी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. म्हणून सलग तीन महिने राहणारा शांत, वयस्क भाडेकरू तेथील कित्येक मालकांना हवाच असतो. पण तो परका नको. पन्नास वर्षांची निष्कलंक पत सीमा ओलांडताच जवळजवळ शून्य होते, हे अण्णांना फार लागले. अखेर एडमंटनच्या बँकेचे पत्र जोडावे लागले.

१ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात राहत्या घराची अनामत सामान्यतः एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. मोजकी घरे असणाऱ्या लहान मालकाला दोन महिन्यांपर्यंत मुभा आहे. घर सोडल्यापासून २१ दिवसांत अनामत परत करावी किंवा कपातीचा तपशील द्यावा, असाही कायदा आहे. तरीही पहिल्याच दिवशी खोलीखोलीची छायाचित्रे काढून सामानाची यादी मालकाला पाठविणे शहाणपणाचे. विजेचे बिल कोणाकडे, तलावाचे पाणी तापविण्याचा खर्च कोणाचा, हे करारात नसेल तर शेवटी वाद तेथेच होतो. पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी राखून ठेवलेल्या वसाहती निवांत असतात खऱ्या, मात्र नातवंडांनी किती दिवस राहावे याचेही तेथे नियम असतात. अण्णांनी अशी दोन घरे नाकारली.

एक बाब करारात लिहिली गेली नाही, ती अक्कांनी दूरध्वनीवर स्वतः मिटविली. सुसज्ज घर म्हणजे भांडीही आलीच, आणि त्या भांड्यांत काय काय शिजले असेल! मालकीणबाईंनी विनातक्रार आपली भांडी एका कपाटात बंद करून ठेवण्याचे कबूल केले. तवा, कुकर आणि चार पातेली एडमंटनहून जाणार होती.

खरा हिशेब मात्र दिवसांचा होता. अण्णांना जानेवारी ते एप्रिलअखेर असे १२० दिवस हवे होते. अमेरिकेचे कर खाते पाहुण्याचेही दिवस मोजते: चालू वर्षातील सर्व दिवस, गेल्या वर्षातील एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षातील एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की तो करापुरता रहिवासी ठरू शकतो. दरवर्षी १२० दिवस म्हणजे १२०, ४० आणि २०, एकूण १८०. दरवर्षी १२२ दिवस झाले की बरोबर १८३. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिलेल्यांना फॉर्म ८८४० भरून आपले घर कॅनडातच आहे असे सांगता येते, पण अण्णांना फॉर्मच्या आधाराने राहणे पसंत नव्हते. शिवाय अल्बर्टा प्रांताची आरोग्य योजना टिकविण्यासाठी वर्षातून १८३ दिवस तेथे हजर असावे लागते. आणि ती योजना परदेशातील रुग्णालयातील मुक्कामाचे दिवसाला जास्तीत जास्त १०० कॅनेडियन डॉलर देते. अमेरिकेतील एका रात्रीच्या बिलापुढे ही रक्कम चहापाण्याची. म्हणून प्रवासविमा आला, आणि त्याचाही हप्ता दिवसांवरच.

अण्णांची आकडेमोड चालू असता अक्कांनी एवढेच विचारले, “अहो, मग शिकागोला कधी जायचं?”

मुलगी शिकागोला, आणि शिकागोही अमेरिकेतच. नातीच्या उन्हाळी सुटीत तिच्याजवळ राहिलेला प्रत्येक दिवस त्याच खात्यावर पडणार होता. वाळवंटात चार महिने काढले तर नातीसाठी एकच दिवस उरत होता. अण्णांनी ते पान फाडले आणि ३१ मार्चची तारीख धरून नवे मांडले.

मालकीणबाईंशी बोलताना त्यांच्यातील अडत्या जागा झाला. घर इंडिओचे. एप्रिलमध्ये तेथील पोलो मैदानावर कोचेला आणि स्टेजकोच हे मोठे संगीत महोत्सव भरतात आणि त्या दिवसांत परवाना असलेल्या मालकाला मागेल ते भाडे मिळते. ‘आम्ही एप्रिल तुम्हाला मोकळा करून देतो, तुम्ही तीन महिन्यांचे भाडे कमी करा,’ असे त्यांनी सुचविले. दोन दिवस घासाघीस झाली. भाडे उतरले, आणि तलावाची ऊब मालकीणबाईंच्या अंगावर गेली. तसे पाहता पोहणार कोणीच नव्हते. अक्कांना कोमट पाण्यात पाय सोडून बसायचे होते.

अण्णांच्या वहीत आता ९० दिवस इंडिओचे आणि ३१ दिवस शिकागोचे आहेत. मार्चअखेरीस एडमंटनला बर्फ असतोच, तो कोणत्या आठवड्यात वितळेल हे वहीत मांडता येत नाही. त्यासाठी बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मुलीने आईच्या नावे पाठवून दिले आहेत.